‘शास्त्र आणि परंपरा’ : एका उभयान्वयी अव्ययाची पार्श्वभूमी

वैजापूर–गंगापूर पट्ट्यातल्या कॅथलिक घरातील मुलगी जालन्याकडच्या प्रॉटेस्टंट घरात सून म्हणून आली, किंवा लातूर–उदगीरकडचे मेथडिस्ट कुटुंब नोकरीनिमित्त शहरात येऊन एखाद्या स्वतंत्र प्रार्थनासभेला जाऊ लागले, की काही महिन्यांतच घरात एक प्रश्न निघतो : ‘हे शास्त्रात कुठे लिहिले आहे?’ प्रश्नाचे निमित्त जपमाळेचे असते, मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचे असते किंवा तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचे असते. त्यावर ‘ख्रिस्तसभा पहिल्यापासून असेच मानत आली आहे’ असे उत्तर मिळते, आणि बोलणे तिथेच खुंटते. मराठवाड्यात ख्रिस्ती मंडळ्यांची वस्ती जेमतेम दीडशे वर्षांची असली, तरी या दोन वाक्यांचे वय त्याहून पुष्कळ जास्त आहे. ती इथे आली तेव्हा त्यांच्यामागचा युक्तिवाद बराचसा गळून गेला होता आणि केवळ वाक्येच उरली होती, असे माझे मत आहे; हे टिपण त्या गळालेल्या भागासाठी, विशेषतः १५४६ च्या ट्रेंट परिषदेच्या ठरावातल्या ‘आणि’ या शब्दासाठी, आहे.

पहिली अडचण ‘परंपरा’ या शब्दाची आहे. मराठीत हा शब्द किमान तीन कामे करतो. गुरूकडून शिष्याकडे अखंड चालत आलेली शिकवण म्हणजे परंपरा. घराण्यात किंवा गावात चालत आलेली रीत म्हणजेही परंपरा. आणि ज्यांच्यामुळे ती टिकली त्या लोकांची साखळी, म्हणजे गुरुपरंपरा, हीही परंपराच. ख्रिस्ती वादात या तिन्ही गोष्टींना वेगवेगळी किंमत आहे, पण बोलताना त्या एकाच शब्दात मिसळतात. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘पॅराडोसिस’ असा आहे आणि त्याचा अर्थ ‘हाती सोपवलेले’ असा होतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, सुनावतो, की तुम्ही माणसांच्या पॅराडोसिसपायी देवाची आज्ञा बाजूला सारता. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र पौल सांगतो, की तोंडी किंवा पत्राने शिकवलेले पॅराडोसिस घट्ट धरून राहा. शब्द एकच आहे, पण एका ठिकाणी तो दोषाचा विषय आहे आणि दुसऱ्या ठिकाणी आज्ञेचा. भाषांतरकाराने पहिल्या जागी ‘परंपरा’ आणि दुसऱ्या जागी ‘शिकवण’ असा शब्द घातला, तर वाचकाला नकळत असे वाटू लागते की परंपरा ही नेहमी वाईट आणि शिकवण ही नेहमी चांगली. इंग्रजीतील एका अतिशय लोकप्रिय भाषांतराने हेच केले आणि त्यावर टीकाही झाली. मराठी वाचकानेही हाती असलेल्या प्रतीत या दोन जागा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पुढच्या सगळ्या चर्चेला त्याचा उपयोग होईल.

आरंभीच्या शतकांबद्दल इथे थोडक्यात बोलणे पुरे. येशूने स्वतः काही लिहून ठेवले नाही. पौलाची सर्वांत जुनी पत्रे येशूच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिली गेली आणि शुभवर्तमाने त्याहूनही नंतर. तोवर सारे स्मरणावर आणि मुखावर चालले होते. महानुभाव पंथाच्या लीळा आणि सूत्रे आधी आठवणीत होती व नंतर लेखणीत आली, हे ज्या मुलुखाला ठाऊक आहे त्याला या क्रमाचे नवल वाटू नये. दुसऱ्या शतकात, इ. स. १४४ च्या सुमारास, रोममध्ये एकाने लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे एवढेच शास्त्र मानून बाकीचे नाकारले, तेव्हा ‘कोणते ग्रंथ आपले?’ हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. त्याच शतकाच्या अखेरीस ल्योंच्या बिशपाने जो युक्तिवाद मांडला तो पुढे हजार वर्षे पुरला : प्रेषितांनी, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांनी, स्थापन केलेल्या मंडळ्यांत बिशपांची जी अखंड साखळी आहे, तिच्यात प्रेषितांची शिकवण उघडपणे टिकून आहे, कुणा एकाच्या कानात सांगितलेले गुप्त ज्ञान तिच्यापुढे टिकत नाही. म्हणजे परंपरेचा पहिला मोठा बचाव झाला तो शास्त्राविरुद्ध नव्हे, तर शास्त्राचा मनमानी अर्थ लावणाऱ्यांविरुद्ध. सत्तावीस पुस्तकांची, आज सर्वांना मान्य असलेली नव्या कराराची यादी इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या बिशपाने आपल्या वार्षिक पत्रात दिली. आणि ३२५ मध्ये नायसीयाच्या परिषदेने पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असे ज्या शब्दात सांगितले, तो शब्द शास्त्रात कुठेही आढळत नाही. तरीही आज औरंगाबादच्या जुन्या अँग्लिकन चर्चमध्ये काय आणि खेड्यातल्या कॅथलिक मंदिरात काय, तो शब्द असलेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरावीक शब्दांतली कबुली, एकाच श्रद्धेने म्हटला जातो.

मध्ययुगातून सोळाव्या शतकात येताना हे लक्षात ठेवले पाहिजे, की शास्त्र आणि परंपरा यांना एकमेकांसमोर उभे करण्याची गरज तोवर बहुतेकांना वाटली नव्हती. ती वाटली १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत. तिथे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला प्रतिपक्षाने अशा कोपऱ्यात गाठले, की परिषदांचीही चूक होऊ शकते, आणि ज्या परिषदेने १४१५ मध्ये यान हुस या सुधारकाला जाळण्यास दिले तिचीही झाली, हे त्याला उघड बोलावे लागले. एकदा पोप चुकू शकतो आणि परिषदही चुकू शकते असे म्हटले, की अंतिम प्रमाण म्हणून शास्त्राखेरीज काही उरत नाही. १५२१ मध्ये वर्म्स इथे त्याने तेच सम्राटासमोर सांगितले. मात्र ‘केवळ शास्त्र’ या घोषणेचा त्याने घेतलेला अर्थ आजच्या प्रार्थनासभांत घेतला जाणारा अर्थ नव्हे. त्याने मतांगीकार ठेवले, बालबाप्तिस्मा ठेवला, वेदीवरचे विधी पुष्कळसे ठेवले. जे शास्त्राच्या विरुद्ध जाते ते काढायचे, अशी त्याची कसोटी होती. जे शास्त्रात नाही ते सगळे काढायचे, ही कसोटी त्याच्याहून जहाल असलेल्या सुधारकांची. या दोन कसोट्यांतला फरक मराठीत फार क्वचित समजावून सांगितला जातो.

आता या टिपणाच्या मुख्य विषयाकडे येतो. ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे सुधारकांना उत्तर देण्यासाठी भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, आपल्या चौथ्या बैठकीत शास्त्र आणि परंपरा यांवरचा ठराव संमत केला. जेमतेम पन्नासेक बिशप हजर होते. पण या ठरावाच्या एका शब्दावर पुढे चारशे वर्षे वाद चालला, आणि त्या शब्दाची गोष्ट न कळल्याने आपल्याकडच्या घराघरांतला वादही चुकीच्या रुळावर पडला. मार्च महिन्यात जो मसुदा परिषदेसमोर आला, त्यात असे म्हटले होते की तारणाचे सत्य ‘काही अंशी’ लिखित ग्रंथांत आणि ‘काही अंशी’ अलिखित परंपरांत सामावलेले आहे. लॅटिनमध्ये ‘पार्तिम… पार्तिम’ अशी ती जोडी होती. या मांडणीचा अर्थ सरळ आहे : सत्याचे दोन वाटे आहेत, एक पुस्तकात आणि एक पुस्तकाबाहेर, पुस्तक एकटे अपुरे आहे. यावर सभेतच विरोध झाला. एका संन्यासी संघाच्या प्रमुखाने सांगितले, की शुभवर्तमानाचे सगळे सत्य शास्त्रात आहे, त्यामुळे ते ‘अंशतः’ शास्त्रात आहे असे म्हणता येणार नाही. व्हेनिसजवळच्या एका धर्मप्रांताच्या बिशपाने, शास्त्र आणि परंपरा दोन्हींना ‘सारख्याच भक्तिभावाने व आदराने’ स्वीकारावे या वाक्यालाच हरकत घेतली, आणि ती इतक्या कडक शब्दांत की त्याला सभागृहात बरेच ऐकून घ्यावे लागले. त्याची हरकत मान्य झाली नाही आणि ‘सारख्याच आदराने’ हे शब्द कायम राहिले. परंतु अंतिम ठरावात ‘पार्तिम… पार्तिम’ ही जोडी नव्हती. तिच्या जागी एकच साधे अक्षरद्वय होते : ‘एत’, म्हणजे ‘आणि’. हे सत्य लिखित ग्रंथांत ‘आणि’ अलिखित परंपरांत सामावलेले आहे.

हा बदल का केला, याचे स्पष्टीकरण परिषदेच्या नोंदींत सापडत नाही. त्यामुळे दोन वाचने शक्य होतात आणि दोन्ही प्रामाणिकपणे केली गेली आहेत. एक असे, की बदल केवळ शैलीचा होता आणि ‘आणि’चा अर्थही ‘काही इथे, काही तिथे’ असाच आहे. बहुसंख्य बिशपांचे मत बदलल्याचा पुरावा नाही. दुसरे असे, की परिषदेने जाणूनबुजून प्रश्न खुला ठेवला. सगळे सत्य शास्त्रातही आहे आणि ते सगळेच परंपरेतही, म्हणजे जिवंत मंडळीच्या स्मरणात व आचरणात, आहे असे मानायलाही ‘आणि’ आड येत नाही. हे दुसरे वाचन १९५० च्या दशकात एका जर्मन कॅथलिक अभ्यासकाने आग्रहाने मांडले आणि त्यावर त्याच्याच बाजूच्या लोकांनी त्याला धारेवर धरले. माझा कल दुसऱ्या वाचनाकडे आहे, कारण जो शब्द वादग्रस्त ठरला तो कोणी सहज गाळत नाही. पण पहिले वाचन निराधार आहे असे म्हणता येत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

ठरावातल्या आणखी दोन गोष्टी नेहमी निसटतात. ठरावात ‘परंपरा’ हा शब्द अनेकवचनी आहे आणि त्यावर अटी आहेत : ज्या परंपरा ख्रिस्ताच्या मुखातून किंवा पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने प्रेषितांकडे आल्या, ज्यांचा संबंध विश्वासाशी किंवा नीतीशी आहे, आणि ज्या ख्रिस्तसभेत अखंड टिकल्या, त्याच. उपासाचे दिवस, पेहराव, मिरवणुका, यात्रा या ठरावाच्या कक्षेत येत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. अशा परंपरा नेमक्या कोणत्या, याची यादी परिषदेने दिली नाही. ग्रंथांची यादी नावांसह दिली, परंपरांची मात्र दिली नाही. प्रॉटेस्टंट टीकाकाराचा सगळ्यांत वजनदार प्रश्न इथेच आहे, आणि त्याला अजूनही नेटके उत्तर मिळाले आहे असे मला वाटत नाही : ज्या गोष्टीची यादीच नाही, ती चुकीच्या वाटेने जाऊ लागली तर तिला कशावर पारखायचे?

त्याच दिवशी बायबलचे जुने लॅटिन भाषांतर हे ‘अधिकृत’ ठरवले गेले आणि त्याची शुद्ध प्रत छापावी असेही ठरले. ती प्रत निघायला १५९० उजाडले, ती चुकांमुळे मागे घ्यावी लागली आणि १५९२ मध्ये सुधारून पुन्हा काढली गेली. याच सुमारास, १५८४ मध्ये, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला होता. पाठ शुद्ध करणारा माणूस परंपरेत उभा राहूनच तो शुद्ध करतो, आणि शुद्ध झालेला पाठ पुढे परंपरेलाच बांधून ठेवतो, हे गोदाकाठच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

ट्रेंटनंतरच्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरींनी आणि खंडनग्रंथांनी मात्र ‘आणि’ला पुन्हा ‘काही अंशी’ करून टाकले. पाठांतराला ते सोपे पडते : प्रकटीकरणाचे स्रोत किती? दोन. कोणते? शास्त्र आणि परंपरा. दुसऱ्या बाजूच्या प्रश्नोत्तरींनीही तसेच सोपे केले : प्रमाण किती? एक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठवाड्यात जे मिशनरी आले, ते या दोन छापील उत्तरांसह आले. जालन्याला स्कॉटिश मिशनचे काम नारायण शेषाद्रींनी उभे केले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जवळच बेथेल हे गाव वसवले. औरंगाबादला अँग्लिकन मिशन होते. बिदर–उदगीरकडे अमेरिकन मेथडिस्ट आले. आणि शतकाच्या अखेरीस औरंगाबाद जिल्ह्याच्या पश्चिम भागात एका फ्रेंच मूळ असलेल्या कॅथलिक संघाचे धर्मगुरू खेडोपाडी फिरू लागले. ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला ते बहुतांशी महार आणि मांग समाजातले होते, आणि निजामी राज्यात सरकारी भाषा उर्दू, शाळा मोजक्या व त्याही गावकुसाबाहेरच्या मुलांना बंद, अशी परिस्थिती होती.

ही परिस्थिती वादाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, आणि दोन्ही बाजूंच्या इतिहासलेखनात तिला पुरेशी जागा मिळालेली नाही. नवा करार मराठीत मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये छापला होता आणि संपूर्ण बायबल १८४७ मध्ये निघाले होते. पण ज्यांच्या हाती ते द्यायचे त्यांतल्या बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. ‘केवळ शास्त्र’ मानणाऱ्या मंडळीच्या पहिल्या पिढीने शास्त्र वाचले नाही, ते ऐकले. मास्तरांनी वाचून दाखवले, दारोदार जाऊन बायबल सांगणाऱ्या स्त्रियांनी ओसरीवर बसून सांगितले, भजनात आणि कीर्तनात ते आले, आणि घरी आजीने नातवंडांना गोष्ट म्हणून सांगितले. स्वतःला परंपराविरोधी म्हणवणाऱ्या घरातही शास्त्र परंपरेनेच पोहोचले. यात विसंगती शोधून कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट, ज्या लोकांना शतकानुशतके ‘शास्त्र तुमच्या कानावर पडता कामा नये’ असे सांगितले गेले, त्यांना ‘हे शास्त्र तुमचे आहे, तुमच्या मुलीने ते वाचायला शिकावे’ असे कोणी सांगणे, याचे मोल ‘केवळ शास्त्र’ या घोषणेच्या युरोपीय अर्थात मावत नाही. ‘हे शास्त्रात कुठे आहे?’ या प्रश्नामागे मराठवाड्यात जी धार आहे, ती ल्यूथरकडून आलेली नाही. ती इथल्या अनुभवातून आली आहे. ज्यांना पोथीला हात लावता येत नव्हता त्यांना पोथी मिळाली, आता तिच्या वर आणखी कोणाला बसवायचे नाही, असा तो आग्रह आहे.

पोथीतही फरक होता. प्रॉटेस्टंट घरातल्या बायबलात सहासष्ट पुस्तके आणि कॅथलिकांच्या बायबलात त्र्याहत्तर. बाकीची सात पुस्तके ट्रेंटने १५४६ च्या त्याच ठरावात यादीत धरली होती. ल्यूथरच्या १५३४ च्या जर्मन बायबलात ती वेगळ्या भागात छापलेली होती, आणि अँग्लिकन विश्वासलेखांनी ती बोधासाठी वाचावीत पण त्यांवर सिद्धान्त उभारू नये असे सांगितले होते. ती पूर्णपणे बाहेर गेली ती १८२६ च्या सुमारास, जेव्हा जगभर बायबले पुरवणाऱ्या लंडनच्या एका संस्थेने, स्कॉटिश समर्थकांच्या दबावाखाली, ही पुस्तके असलेल्या प्रतींना पैसे द्यायचे नाहीत असे ठरवले. मराठवाड्यातल्या वाचकापर्यंत त्या निर्णयानंतरचीच बायबले पोहोचली. मृतांसाठी प्रार्थनेचा जो उल्लेख मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आहे, तो प्रॉटेस्टंट सासूला तिच्या पुस्तकात सापडत नाही आणि कॅथलिक सुनेला आपल्या पुस्तकात सापडतो. दोघीही शास्त्राचाच आधार घेत असतात. कोणती पुस्तके शास्त्र, हे शास्त्राच्या कोणत्याही पानावर लिहिलेले नाही. ती यादी मंडळीने केली. प्रॉटेस्टंट उत्तर असे, की मंडळीने यादी ‘केली’ नाही, जी पुस्तके स्वतःच प्रमाण होती ती ‘ओळखली’. हे उत्तर विचार करण्याजोगे आहे, परंतु ओळखणाऱ्याचा अधिकार कुठून आला हा प्रश्न त्याने मिटत नाही.

विसाव्या शतकात या वादाला जे वळण मिळाले ते आपल्या आठवणीच्या टप्प्यातले आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे १४ नोव्हेंबर १९६२ रोजी जो मसुदा आला, त्याचे नावच ‘प्रकटीकरणाच्या स्रोतांविषयी’ असे होते. स्रोत अनेकवचनी होते. म्हणजे ‘काही अंशी’चीच बाजू. सहा दिवसांच्या चर्चेनंतर २० नोव्हेंबरला मतदान झाले. प्रश्न असा विचारला गेला, की या मसुद्यावरची चर्चा थांबवावी काय? १३६८ मते ‘थांबवावी’ म्हणून पडली आणि ८२२ ‘चालू ठेवावी’ म्हणून. मसुदा बहुमताने नाकारला गेला, तरी दोन-तृतीयांशाला शंभराहून थोडी अधिक मते कमी पडल्याने नियमाप्रमाणे तो जिवंत राहिला. दुसऱ्या दिवशी पोप तेविसावे जॉन यांनी स्वतः हस्तक्षेप करून तो मागे घेतला आणि दोन्ही मतांच्या लोकांची मिश्र समिती नेमली. तीन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, जे संविधान, म्हणजे परिषदेचा सर्वांत वरच्या दर्जाचा दस्तऐवज, २३४४ विरुद्ध ६ मतांनी संमत झाले, त्यात स्रोत एकच आहे : शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून वाहतात. सत्य पूर्णपणे शास्त्रात आहे की नाही, हा १५४६ चा प्रश्न परिषदेने याही वेळी मुद्दाम सोडवला नाही. अखेरच्या आठवड्यांत तेव्हाचे पोप सहावे पॉल यांच्या आग्रहावरून एक वाक्य घातले गेले, की प्रकट झालेल्या सर्व गोष्टींविषयीची निश्चिती ख्रिस्तसभा ‘केवळ शास्त्रातून’ घेत नाही. वाक्य ‘निश्चिती’विषयी आहे, ‘मजकुरा’विषयी नाही, आणि हा शब्द फार तोलून निवडलेला आहे. त्याच संविधानात ख्रिस्तसभेचा अध्यापनाधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे असे म्हटले आहे; ट्रेंटच्या काळातल्या प्रॉटेस्टंटांना हे वाक्य ऐकायला मिळाले असते तर निदान संवाद तरी वेगळ्या शब्दांत झाला असता.

दुसऱ्या बाजूनेही हालचाल झाली. १९६३ च्या जुलैत माँट्रियल इथे प्रॉटेस्टंट, अँग्लिकन आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी ‘परंपरा’ शब्दाची फोड केली. पिढ्यान्‌पिढ्या हाती सोपवलेले शुभवर्तमान ही एक गोष्ट, ते सोपवण्याची क्रिया ही दुसरी, आणि निरनिराळ्या मंडळ्यांच्या आपापल्या रीती ही तिसरी, असे त्यांनी वेगळे केले आणि पहिल्या अर्थाने सगळेच ख्रिस्ती परंपरेने जगतात हे मान्य केले. इंग्रजीत हा भेद मोठे अक्षर, लहान अक्षर आणि अनेकवचन यांनी दाखवता आला. देवनागरीत मोठे अक्षर नाही. मराठीत हा भेद आणायचा तर वेगळे शब्दच लागतात. ‘प्रेषितपरंपरा’, ‘संक्रमण’ आणि ‘रीती’ असे तीन शब्द वापरले, तर निम्मे गैरसमज दूर होतील असे मला प्रामाणिकपणे वाटते. पण आपल्या प्रवचनांत आणि पुस्तिकांत अजून एकच शब्द तिन्ही ओझी वाहतो आहे.

मराठवाड्यातल्या कॅथलिक खेड्यांत याचा परिणाम सिद्धान्तापेक्षा कानांनी आधी जाणवला. लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मराठीत आली, आणि १९६९ च्या नव्या वाचनक्रमामुळे दर रविवारी तीन वर्षांच्या फेरीत जुना करार, पत्रे आणि शुभवर्तमान यांचा मोठा भाग मराठीत वाचला जाऊ लागला. त्याच वर्षी भारतातील उपासनेसाठी बारा स्थानिक रूपांना रोमची मान्यता मिळाली : मांडी घालून बसणे, हात जोडणे, आरती, समई. म्हणजे ज्यांना परंपरावादी म्हटले जात होते, त्यांच्याकडे शास्त्राचे वाचन वाढले आणि युरोपातून आलेल्या रीती बदलल्या, दोन्ही एकदमच. १९७७ मध्ये औरंगाबाद हा अमरावतीपासून वेगळा कॅथलिक धर्मप्रांत झाला, तोवर ही नवी रीत बऱ्यापैकी रुळली होती.

प्रॉटेस्टंट बाजूला खरी कसोटी लागली ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला उत्तर भारतातील सहा मंडळ्या एक झाल्या तेव्हा. अँग्लिकनांकडे बिशप होते, जालन्याकडच्या स्कॉटिश वळणाच्या मंडळ्यांकडे पाळक आणि वडील होते आणि बिशप नको हा त्यांचा जुना बाणा होता. त्यांचा आधार शास्त्राचाच होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय वीस, यात पौल ज्यांना ‘वडील’ म्हणून बोलावतो त्यांनाच पुढे ‘अध्यक्ष’, म्हणजे ज्या ग्रीक शब्दापासून ‘बिशप’ आला तोच शब्द, म्हणतो. तीताला लिहिलेल्या पत्रातही तसेच आहे. दोन वेगळ्या पायऱ्या नव्या करारात दिसत नाहीत. एक बिशप, त्याच्या खाली वडील आणि सेवक ही उतरंड दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या पत्रांत स्पष्ट होते. म्हणजे बिशपपद हे शास्त्रानंतरच्या परंपरेचे अपत्य, आणि तेही फार लवकरचे. एकीकरणाच्या योजनेने यातून जो मार्ग काढला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. शास्त्र हे विश्वासाचे सर्वोच्च आणि निर्णायक प्रमाण, असे पायाभूत कलमात लिहिले. प्रेषितांचा आणि नायसीयाचा मतांगीकार त्या विश्वासाची साक्ष म्हणून स्वीकारला. बिशपपद ‘ऐतिहासिक आणि संविधानबद्ध’ रूपात घेतले, आणि त्याचा एकच एक ईश्वरशास्त्रीय अर्थ कोणावर लादला नाही. बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासाचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती चालू ठेवल्या. मेथडिस्टांचा मोठा गट ऐनवेळी बाहेर राहिला, त्यामुळे लातूर–उदगीरकडच्या बऱ्याच मंडळ्या या एकीकरणात नाहीत. पण जालन्यात ज्यांचे आजोबा बिशप नको म्हणत होते, ते आज बिशपाचा हात डोक्यावर घेतात आणि त्यांना त्यात शास्त्राशी द्रोह वाटत नाही.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत वाढलेल्या स्वतंत्र प्रार्थनासभांनी प्रश्न पुन्हा पहिल्या जागी आणून ठेवला आहे. या सभांना ना ट्रेंटशी देणेघेणे आहे ना १९७० च्या योजनेशी. त्या थेट पानावर बोट ठेवतात, आणि ज्याला जुन्या मंडळीत कोणी विचारत नव्हते त्याला तिथे नावाने हाक मारली जाते, आजारपणात कोणीतरी रात्रभर बसून प्रार्थना करते. त्यांच्या वाढीचे कारण शास्त्राचा वाद नसून ही माया आहे, असे मी पाहिले आहे. तरीही या सभांच्याही रीती तयार झाल्या आहेत : शुक्रवारचा उपास, पांढरी वस्त्रे, ठरावीक शब्दांत केलेली साक्ष, आणि बाप्तिस्म्यानंतर बायकांनी दागिने उतरवणे. दागिन्यांसाठी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय दाखवतात. तिथे केस गुंफणे, सोने, मोती आणि मोलाची वस्त्रे यांचा उल्लेख आहे. मंगळसूत्रातले काळे मणी यांत मोडतात की नाही, हे त्या ओळीत लिहिलेले नाही. ते त्या त्या सभेच्या पास्टरांनी आणि जुन्या बहिणींनी ठरवले, आणि नव्याने येणाऱ्या सुनांना ते तोंडीच सांगितले जाते.